तायडे सर आणि मूठभर खार

तायडे सरांच्या पायमोज्यांत कुसळं नाहीत असा दिवस मी पाहिला नाही. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतीशास्त्र शिकवत. सकाळी लळिंगच्या डोंगराकडून सायकलवर येत, आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून मोज्यांतलं एकेक कुसळ उपसत. उपसलेलं फेकायचं नाही, काडेपेटीत ठेवायचं. काडेपेटी भरली की ती खोक्यात जाई आणि खोकं भरलं की कपाटात. त्यांच्या मिसेस मला एकदा म्हणाल्या होत्या, "यांच्या कपड्यांची बादलीच वेगळी आहे. धुताना मला टोचतं ते टोचतंच, वर हे विचारणार, टाकून तर नाही ना दिलीत?"

मी मूळची साताऱ्याची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून धुळ्याला लागले. पहिल्या दिवशी सरांनी माझं नावगाव काही विचारलं नाही. हातात एक वाळकी काडी दिली आणि म्हणाले, "चावून बघा."

नवी नोकरी. चावली.

"गोड लागली?"

"नाही, सर."

"लागणारही नाही. पण ही सगळी साखर आहे. नुसती बांधून ठेवलीय. ती आपल्याला सोडवायचीय."

कुठे येऊन पडले, असं मला अगदी मनापासून वाटलं.

हळूहळू त्यातलं समजत गेलं. गवताची काडी ज्या धाग्यांनी बनते ते धागे म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. माळ तुटली की साखर मिळते, साखर आंबवली की स्पिरिट, आणि स्पिरिटवर दिवा जळतो, स्टोव्ह जळतो. सरांच्या मते एक दिवस एस. टी.सुद्धा चालली असती. माळा तोडायचं काम कुजक्या लाकडावर वाढणारी एक हिरवी बुरशी करते. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या विकरांना सर सरळ 'लाळ' म्हणत. बुरशी बाटलीत वाढवायची, तिची लाळ गाळून घ्यायची, ती उकडलेल्या गवतावर सोडायची आणि किती साखर सुटली ते मोजायचं, एवढाच आमचा उद्योग. रॉकेलच्या रांगांचे दिवस होते, तेव्हा कल्पना कुणाला वाईट वाटत नव्हती. पण साखर सुटायची इतकी थोडी, की एक दिवा पेटवायला पोतंभर गवत लागलं असतं.

केमिस्ट्रीचे लोक याला 'तायड्यांची हातभट्टी' म्हणत. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारायचंच, "काय सर, पहिल्या धारेची कधी?" सर चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणत, "ज्याला घाई आहे त्यानं ऊस लावावा." हे वाक्य त्यांनी प्राचार्यांनाही ऐकवलं होतं आणि स्वतःच्या सासऱ्यांनाही.

गाय दिसली की त्यांचं पाऊल अडायचंच. गवत गाईच्या पोटात जसं सुटतं तसं आपल्या बाटलीत का सुटू नये, हा त्यांचा कायमचा प्रश्न. एकदा लळिंगजवळ गवत कापायला मी बरोबर होते. वाटेत एका गोठ्यात गाय रवंथ करत उभी. सर आत शिरले आणि तिच्या डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटून उभे राहिले. गोठ्याचा मालक घाबरून बाहेर आला.

"काय व्हयनं, डाक्टर? पोट फुगेल शे का तिनं?"

"नाही हो," सर कान न काढता म्हणाले. "पोट एकदम झकास चाललंय. असं एक पोट मला हवंय."

त्या माणसानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही. तरी त्यानं आम्हाला ताक पाजलं, आणि पुढं वर्षभर बाजारात भेटला की सरांना गाईची खुशाली सांगत असे.

या सगळ्यासाठी कुसळी गवतच का, गुरं आवडीनं खातात ते मारवेल का नाही, पवन्या का नाही, हे मी विचारलं होतं. सर यावलचे. वडील लोकांच्या केळीच्या बागांत मजुरीला जात आणि आई सातपुड्याच्या पायथ्याचं गवत कापून भारे यावलच्या बाजारात विकायची. पवन्याचा भारा हातोहात जाई. कुसळी पिकली की तिला जनावर तोंड लावत नाही, भारा तसाच परत न्यावा लागे. "माझ्या आईनं ते गवत डोक्यावर नेलं अन् डोक्यावर परत आणलं," एवढंच सर म्हणाले आणि उठून बाटल्या हलवायला लागले. त्यानंतर मी त्यांची थट्टा जरा कमी केली.

त्यांचा दुसरा हट्ट आकड्यांचा. आकडा गोल करणं त्यांना जमतच नसे. किती वाजले विचारलं तर "चार वाजून सदतीस मिनिटं." एका पोरानं प्रॅक्टिकलच्या वहीत सहा पूर्णांक आठच्या जागी सात लिहिलं, तर सरांनी त्याला वही परत दिली. "मधले दोन कुठून आणलेस? ज्याचे असतील त्याला नेऊन दे." बिचारा अर्धा तास व्हरांड्यात उभा होता. मी एकदा "साधारण तेवढंच आलंय, सर" म्हणून गेले, तर म्हणाले, "पवारबाई, साधारण हा शब्द भाजीवाल्याकडं ठेवून यायचा."

आमच्या प्रयोगशाळेत हमालाच्या जागेवर सुमनअक्का होत्या. नवरा त्याच जागेवर होता, तो अचानक गेला म्हणून अक्कांना लावून घेतलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण कुठली बाटली कुठल्या बुरशीची, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. सर जेवले नाहीत तर ती मला येऊन सांगायची, "मॅडम, सर अजून जेवना नहीत. तुम्ही सांगा ना." मी सांगून उपयोग नसे. मग अक्का स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा सरांच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी नेऊन ठेवी, आणि सर नजर नळीतून न काढता ती खात.

एका उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली. धुळ्याचा मे महिना, फ्रिज बंद, आणि सरांची कित्येक वर्षं जपलेली बुरशी मेली. आठवडाभरानं सर यावलला गेले आणि बागेच्या बांधावर कुजत पडलेल्या केळीच्या खुंटांवरून नवी बुरशी घेऊन आले. जळगावच्या स्टँडवर एस. टी. बदलताना त्यांनी तो डबा म्हणे क्षणभरही खाली ठेवला नाही. या बुरशीचं नाव ठेवलं 'यावल'. त्याच सुमारास परीक्षेची कामं अंगावर आली म्हणून गवत उकडायचं काम, जे तोवर सर स्वतः करत, ते त्यांनी अक्कांकडं दिलं. कुकरमध्ये गवत, हौदाचं पाणी, दीड तास, मग फडक्यात बांधून चार वेळा धुवायचं. काम सोपं होतं.

आणि साखर चढली.

साखर मोजायला आम्ही परीक्षानळीत एक पिवळं द्रावण घालून उकळत असू. साखर असेल तसा पिवळ्याचा विटकरी रंग होतो. तोवर आमच्या नळ्या फार तर नारिंगीपर्यंत जात. त्या दिवशी नळी अशी लालबुंद झाली की सरांनी ती खिडकीत धरली, मग व्हरांड्यात नेऊन धरली, मग मला म्हणाले, "तुम्ही धरून बघा." जुन्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गवत उकडलेलं पाणी हल्ली चहासारखं लाल का येतं, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, "यंदाचं गवत तसं आहे." मीही मान हलवली. दोघांनाही तसंच असावं असं वाटत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सरांनी 'यावल'वर निबंध लिहायला घेतला. पीएच.डी.चं रखडलेलं काम उघडलं. दिल्लीच्या एका खात्याकडं अर्ज केला आणि वर्षाच्या आत पत्र आलं, की समिती बघायला येते आहे. पसंत पडलं तर खरीखुरी प्रयोगशाळा, यंत्रं, पाच वर्षांचं काम. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरी संधी येणार नव्हती, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. केमिस्ट्रीवाल्यांनी थट्टा बंद केली. सर तर समितीला गवताच्या स्पिरिटवर उकळलेला चहा पाजणार होते. थेंब थेंब जमवून त्यांनी त्यासाठी एक छोटी बाटली भरत आणली होती. गडी इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

समिती यायला तीन आठवडे असताना अक्का लेकीच्या बाळंतपणाला नरडाण्याला गेल्या. गवत मी उकडलं. वहीत होतं तसंच, तितकंच पाणी, तितकाच वेळ. नळी नारिंगी.

पुन्हा केलं. पुन्हा नारिंगी. तिसऱ्यांदा सरांनी माझ्या हातून तराजू काढून घेतला. माझं वजन चुकतंय, मी वेळ कमी देते, मी आळस करते, असं ते बोलत गेले. मी म्हटलं, "वहीत आहे तसंच करतेय, सर." तशी एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस थेट यावलच्या बोलीवर आला, "मले येडं समजू राह्यल्या का तुम्ही?" मी हातातलं फडकं तिथंच टाकलं आणि घरी निघून गेले. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला होता, आणि तो योग्यच होता.

नातवंडाचं बारसं उरकून अक्का परतल्या. त्यांनी उकडलेल्या गवतावर नळी पुन्हा लालबुंद. आता सरांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला असावा, कारण दुसऱ्या दिवशी ते खुर्ची घेऊन कुकरसमोरच बसले. मी दारात उभी होते. अक्कांनी गवत भरलं, पाणी ओतलं आणि सहज, कुणी बघतंय न बघतंय याचा विचारही न करता, कोपऱ्यातल्या पिशवीत हात घातला. मूठ भरून काहीतरी पांढरं काढलं आणि गवतावर पसरलं.

"काय टाकलंत, अक्का?"

"खार, सर. पापडखार."

"कशाला?"

अक्कांना प्रश्नच विचित्र वाटला. "आपलं पानी जड शे ना, सर. या पानीमा डाळ शिजस नही, तर हाई गवत कसं शिजी? घरमा डाळले चिमूटभर टाकस. हाई तर गवत शे, म्हनीसन मूठभर."

"कधीपासून?"

"पहिल्या दिनपाईन. तुम्हीच सांगं व्हतं, गवत नरम व्हवाले पाहिजे. मी नरम करी दिधं." मग सरांचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "मन्हं काही चुकनं का, सर?"

सरांनी पिशवीतला चिमूटभर खार घेऊन बोटांत चोळून पाहिला. लाळेला काडीच्या आत शिरायला वाट हवी असते. ती वाट खार करून देत होता, आणि सर श्रेय देत होते बुरशीला. पुस्तकात कॉस्टिक सोड्याचा उपाय होताच. पण खेड्यातल्या घरात मिळणार नाही असं काहीही वापरायचं नाही, या हट्टापायी सरांनी त्याला हात लावला नव्हता. पापडखार धुळे-जळगावातल्या प्रत्येक घरात होता, सरांच्याही.

"नाही, अक्का," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी. जुनी बुरशी मेली होती. मी नवीची तुलना नुसत्या वहीतल्या आकड्यांशी केली."

मग त्यांनी तराजू मागवला. अक्कांना मूठ भरायला सांगितली, कागदावर रिकामी करायला लावली, वजन केलं. पुन्हा भरायला सांगितली. असं सात वेळा. सातही वेळा वजन जवळपास सारखं, दुसऱ्या दशांशात काय तो फरक. वर्षानुवर्षं पापड-कुरडयांचं माप हातात बसलेलं, ते हलणार कुठून? सरांनी सरासरी काढली आणि वहीत एककाच्या रकान्यात लिहिलं, 'एक अक्का'. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. सर मात्र हसले नाहीत, ते अगदी गंभीरपणे लिहीत होते.

त्या संध्याकाळी रावेरच्या केळ्यांची एक फणी घेऊन ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत. "पवारबाई, माझी चूक होती," म्हणाले. "साधारण नाही. पूर्ण." फणी हातात दिली आणि सायकलवर बसून गेले.

समितीला अजून चार दिवस होते. मी सरांना सुचवलं, आणि हे मी लपवत नाही, की आत्ता काही बोलू नका. आकडे खोटे नाहीत, नळी लाल होते हे खरं आहे, कारण नंतर शोधलं म्हणून सांगता येईल. एकदा यंत्रं तर येऊ द्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काडेपेटीतलं एक कुसळ उचलून परत काडेपेटीत ठेवलं.

समिती आली. तिघंजण. सरांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की अर्जात बुरशीबद्दल जे लिहिलं आहे ते चुकलं आहे, बुरशी साधीच आहे, करामत खाराची आहे आणि ती या सुमनअक्कांची. अक्का दारामागं लपल्या. तिघांतले ज्येष्ठ गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले की क्षारानं गवत मऊ होतं हे जगाला माहीत आहे, त्यासाठी पैसे मिळणार नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "तायडे, हे तुम्ही आज सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"मग पुढच्या बाळंतपणाला अक्का रजेवर गेल्या असत्या तर काय केलं असतं?" सर म्हणाले.

गृहस्थ हसले. पण त्यांना जळगावला गाडी गाठायची होती. चहाला थांबले नाहीत. स्पिरिटचा दिवा टेबलावर तसाच, न पेटवलेला. सरांनी स्पिरिट परत बाटलीत ओतलं आणि बूच लावलं. अक्का म्हणाल्या, "चहा ऱ्हायना ना, सर." सर म्हणाले, "राहू द्या. ज्या कामाचा चहा, ते काम अजून झालं नाही."

पुढं सरांनी खाराचेच प्रयोग केले, मन लावून केले, आणि निबंध नव्यानं लिहिला. लेखकांत पहिलं नाव अक्कांचं. अक्का म्हणाल्या, "मन्हं नाव कसाले? माले ते वाचता बी येस नही." नियतकालिकानं कळवलं, निबंध बरा आहे, परंतु प्रयोगशाळेतल्या हमालाचं नाव आभारात घ्यावं. सरांनी नकार कळवला. पुन्हा त्यांचं पत्र, पुन्हा सरांचा नकार. निबंध छापला गेला नाही. पीएच.डी. तशीच राहिली आणि सर नावामागं डॉक्टर न लावताच निवृत्त होऊन यावलला गेले. मला हा हट्ट तेव्हा वेडेपणा वाटला होता. आजही थोडा वाटतो, पण असं वेडं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, अक्कांच्या निरोप समारंभाला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, अक्कांबद्दल कुणाला काही विशेष ठाऊक नव्हतं म्हणून लवकर आटोपलं. मागच्या खुर्चीवर सर बसलेले. केस पूर्ण पांढरे, मोज्यांत कुसळं. लोक पांगल्यावर आम्ही तिघं जुन्या प्रयोगशाळेत गेलो. सरांनी पिशवीतून दिवा काढला आणि एक बाटली. यावलच्या घराच्या पडवीत, स्वतः कापलेल्या कुसळीपासून काढलेलं स्पिरिट. दिवा पेटला. त्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"गवतमा खार टाका व्हता ना, सर?" अक्कांनी विचारलं.

"टाकला, अक्का. तुमच्याच मापानं." आणि त्यांनी पिशवीतून एक करवंटी काढली. कड घासून गुळगुळीत केलेली, बरोबर त्या सरासरीएवढी, एका अक्काची. पापडखाराची पुडीही होती. "एकदा मूठ भरा. माप तपासून घेऊ. बरीच वर्षं झाली."

अक्कांनी पुडीत हात घातला. बाटल्या धुऊन धुऊन त्यांची बोटं संधिवातानं वाकली होती, मूठ पुरती मिटेना. "आते व्हस नही, सर, बराबर," त्या म्हणाल्या. कसंबसं भरलं आणि करवंटीत सोडलं. करवंटी बोटभर रिकामी राहिली. अक्का खिडकीकडे तोंड करून हात झटकत होत्या, त्यांना काठ दिसत नव्हता.

सरांनी करवंटीकडं पाहिलं. मग पुडीतून चिमटीनं खार घेतला आणि काठापर्यंत भरला.

"बरोबर आहे, अक्का," ते म्हणाले. "तेवढंच आहे."

मग त्यांनी खिशातून त्या सात वजनांची वही काढली आणि आठव्या ओळीत तोच जुना आकडा लिहिला. मी बघतेय हे त्यांना माहीत होतं. वही मिटून ते आधणाकडे वळले, आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत आम्ही तिघं दिव्याभोवती बसून राहिलो.